मध्ययुगीन मराठी नाट्य आणि आंतरजालावरील साधने : काही विचार

पदव्युत्तर वर्गांत मराठी नाटकाचा इतिहास शिकविला जातो, तेव्हा त्याचा आरंभ बहुधा ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून होतो. त्या दिवशी सांगली येथे विष्णुदास भावे यांचा 'सीतास्वयंवर' हा प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली गेली, असे सांगितले जाते. त्यापूर्वीचा सुमारे सहाशे वर्षांचा काळ एखाद्या प्रास्ताविक तासात आटोपतो. तंजावरची नाटके, ललित, दशावतार, भारूड, गोंधळ, तमाशा ही नावे एकामागून एक येतात आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. त्यांपैकी एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याला या नावांमागे प्रत्यक्षात काय होते हे जाणून घ्यावेसे वाटले, तर आज तो प्रथम ग्रंथालयाकडे वळत नाही. हातातल्या भ्रमणध्वनीवर शोध घेतो. ही गोष्ट इष्ट की अनिष्ट, हा वाद आता निरर्थक झाला आहे. आंतरजालावरून जे हाती लागते त्यातून मध्ययुगीन मराठी नाट्याची कोणती प्रतिमा तयार होते आणि ती कितपत विश्वसनीय असते, हा मात्र अध्यापकांनी गांभीर्याने विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की मराठीत साधनेच उपलब्ध नाहीत. हे उत्तर अर्धेच खरे आहे. साधने आहेत, परंतु ज्या नावाने ती शोधली जातात ते नाव त्यांचे नव्हे. जी सहज सापडतात ती कालबाह्य आहेत, आणि ज्यांची खरी आवश्यकता आहे ती अद्याप कोणी निर्माणच केलेली नाहीत. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहिल्या, तर दोष यंत्राचा किती आणि मराठीच्या अभ्यासकांचा किती, हे स्पष्ट होऊ शकेल.

प्रथम नावाचा प्रश्न. 'मध्ययुगीन नाटक' असे शब्द घालून शोध घेतला, तर इंग्लंडमधील यॉर्क शहराची धार्मिक नाट्यमाला, युरोपातील नीतिनाट्ये किंवा फार तर संस्कृत नाटकाच्या उत्तरकाळाची माहिती पुढे येते. याचे कारण उघड आहे. मराठीत त्या काळी जे घडत होते त्याला कोणी 'नाटक' म्हणत नव्हते. 'नाटक' या शब्दाने ज्याची अपेक्षा केली जाते, म्हणजे एका लेखकाने लिहिलेली, अंक-प्रवेशांत विभागलेली संहिता, ती महाराष्ट्रात त्या काळात नव्हती. ती सापडते तंजावरास. तेथील भोसले घराण्यातील शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या नावावर मराठी नाटके आहेत. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांतील नाटक इ. स. १६९० च्या सुमारास रचले गेले असे मानले जाते, आणि वि. का. राजवाडे यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. याच राजाच्या 'पंचभाषाविलास'मध्ये मराठी ही पाच भाषांपैकी एक आहे. पुढे सरफोजीराजे (दुसरे) यांनी 'देवेंद्र कुरवंजी'त कुरवंजी या दाक्षिणात्य प्रकारातून जगाचा भूगोल मराठीत सांगितला. म्हणजे लिखित मराठी नाटकाची आरंभीची परंपरा यक्षगान आणि कुरवंजी या दक्षिणेतील प्रकारांच्या सहवासात वाढली. तिचा शोध 'मराठी नाटक' या शब्दांनी घेतला तर ती निसटते. यक्षगान, कुरवंजी, सरस्वती महाल या शब्दांनी घेतला तर ती सापडते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील मराठी नाटके वेळोवेळी छापून प्रसिद्ध केली आहेत, हे अनेक मराठी विद्यार्थ्यांना ठाऊकही नसते.

महाराष्ट्रातील नाट्य याहून निराळे होते. ते प्रयोगात होते, ग्रंथात नव्हते. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात राजा-राणीचे सोंग घेणाऱ्या बहुरूप्यांचा दृष्टांत येतो, आणि अन्यत्र सूत्राने हलणाऱ्या बाहुल्यांचाही उल्लेख येतो. दृष्टांत श्रोत्यांच्या अनुभवातील गोष्टीचाच द्यावा लागतो. तेव्हा शके १२१२ च्या श्रोत्यांना बहुरूपी आणि कळसूत्री बाहुल्या परिचित होत्या, एवढे अनुमान सुरक्षितपणे करता येते. एकनाथांच्या भारुडांत तर वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावात फिरणारी पात्रेच बोलू लागतात. नाट्याचा हा पुरावा काव्याच्या ग्रंथात दडलेला आहे, आणि 'नाटक' हा शब्द घालून तो कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.

या प्रकारांची खरी नावे घालून शोध घ्यावा, तर एक वेगळीच अडचण उभी राहते, आणि ती भाषेच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. 'गोंधळ' हा शब्द घातला की विधिमंडळातील गदारोळाच्या बातम्या येतात. 'तमाशा' घातला की कोणाच्या तरी घरातील किंवा पक्षातील भांडणाची हकीकत येते. 'सोंग', 'बतावणी' हे शब्द ढोंग या अर्थाने भेटतात आणि 'भारूड' हा शब्द लांबलेल्या, कंटाळवाण्या लिखाणासाठी वापरलेला दिसतो. 'ललित' हा शब्द घातला तर ललित निबंध आणि ललित साहित्य यांचा पूर येतो; नवरात्राच्या वा उत्सवाच्या सांगतेला होणारे, देवादिकांची सोंगे आणणारे ललित त्यात बुडून जाते. तेथे 'लळित' असा दुसरा लेखनप्रकार वापरून पाहावा लागतो. यंत्राचा यात काही अपराध नाही. शिष्ट मराठीने लोकांच्या नाट्यप्रकारांची नावे गेल्या शतकदीडशतकात हळूहळू निंदाव्यंजक करून टाकली आहेत. यंत्र केवळ त्या भाषेचा आरसा धरते. एखाद्या विद्यार्थ्याने शोधाच्या या विफलतेचाच अभ्यास केला, तरी मराठी समाजाच्या आपल्या रंगपरंपरेकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी एक चांगला प्रबंध होऊ शकेल.

दुसरा प्रश्न उपलब्ध साधनांच्या प्रतीचा. येथे सरसकट विधान न करता प्रत्येक साधनाचे मोल स्वतंत्रपणे ठरविले पाहिजे. सर्वांत उपयुक्त साधन कोशांचे आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी वापरले जाते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) हे तिन्ही शोधता येतील अशा स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. नाट्याशी संबंधित एकच शब्द या तीन कोशांत क्रमाने पाहिला, तर तेराव्या शतकातील ग्रंथप्रयोग, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोलीत असलेला अर्थ आणि विसाव्या शतकातील संकलन अशा तीन पायऱ्या एका बैठकीत समोर येतात. मोल्सवर्थचे काम तर भाव्यांच्या प्रयोगाच्या अलीकडे-पलीकडे झालेले आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची. म्हणजे जुन्या प्रकारांना नव्या रंगभूमीने अद्याप मागे सारले नव्हते अशा वेळची ती साक्ष आहे.

मराठी विश्वकोशाचे खंडही आंतरजालावर आहेत. त्यांतील नोंदींखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ दिलेले असतात, आणि हाच त्यांचा मोठा गुण आहे. ज्या मजकुराखाली कोणाचे नाव नाही आणि तो कशाच्या आधारे लिहिला हे सांगितलेले नाही, तो मजकूर कितीही सुबोध असला तरी संशोधनाच्या कामाचा नाही. हा निकष पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगितला पाहिजे. उदाहरणार्थ, कोकणातील दशावतारी खेळ श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली सुरू केले, हे विधान अनेक ठिकाणी जसेच्या तसे वाचावयास मिळते. ते कदाचित खरेही असेल. परंतु कोणत्या कागदाच्या आधारे हे साल निश्चित झाले, हे त्या बहुतेक ठिकाणी सांगितलेले नसते. दहा ठिकाणी आढळलेले एकच विधान म्हणजे दहा पुरावे नव्हेत. ती एकाच विधानाची दहा प्रतिबिंबे असू शकतात. छापील ग्रंथांच्या काळातही असे घडत असे, परंतु तेव्हा एक चूक पसरावयास पिढी लागत असे. आता एक संध्याकाळ पुरते.

जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा हे तिसरे साधन. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात हजारो भारतीय ग्रंथांची पाने यंत्रावर चढविली गेली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यांतील पुष्कळ ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर शिल्लक आहेत. तेथे मराठी ग्रंथांची नावे बहुधा रोमन लिपीत आणि अनेकदा अशुद्ध नोंदविलेली आहेत. कोठे पाने गळाली आहेत, कोठे लेखकाच्या जागी प्रकाशकाचे नाव आहे. तरीही या संग्रहाने मोठे काम केले आहे. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांच्या 'मराठी रंगभूमी' (१९०३) या ग्रंथासारखी जुनी पुस्तके पाहण्यासाठी पूर्वी शहरातील मोठ्या ग्रंथालयाशिवाय गत्यंतर नसे.

मात्र या सुलभतेत एक सापळा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत ग्रंथावरील स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे जे ग्रंथ मुक्तपणे आणि कायदेशीरपणे उपलब्ध होतात, ते साहजिकच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा त्याआधीचे असतात. लोकनाट्याचा गांभीर्याने विचार करणारे मराठीतील महत्त्वाचे लेखन त्यानंतरचे आहे. श्री. ना. बनहट्टी यांचा 'मराठी रंगभूमीचा इतिहास' (१९५७), म. वा. धोंड यांचे 'मऱ्हाटी लावणी' (१९५६), रा. चिं. ढेरे यांचे 'लोकसंस्कृतीचे उपासक' (१९६४), तारा भवाळकर यांचे लोकरंगभूमीविषयक लेखन, हे सारे मुख्यतः कागदावरच वाचावे लागते. परिणाम असा, की केवळ आंतरजालावर विसंबणारा विद्यार्थी नव्या साधनाने जुन्या मतांकडे परत जातो. तमाशा म्हणजे अश्लीलता, ललित म्हणजे ग्राम्य सोंगे, आणि खरे नाटक भाव्यांपासून, ही शंभर वर्षांपूर्वीची मते त्याला सहज सापडतात. त्यांचे खंडन करणारे ग्रंथ सापडत नाहीत. त्याच्या प्रबंधिकेत ती मते पुन्हा उगवतात, आणि अध्यापकाला वाटते की विद्यार्थी मागासलेल्या विचारांचा आहे. प्रत्यक्षात त्याने जे उपलब्ध होते तेच वाचलेले असते.

शोधगंगा या संग्रहात विद्यापीठांचे प्रबंध २०१० पासून चढविले जात आहेत, आणि मराठी लोकनाट्यावरील प्रबंधही तेथे आहेत. परंतु त्यांतील अनेक केवळ पानांच्या प्रतिमांच्या रूपात आहेत किंवा जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत टाइप केलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या आतील मजकुरात शोध घेता येत नाही. प्रबंध आहे, पण तो दिसत नाही, अशी ही अवस्था आहे. यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक विभागाने आपल्याकडील प्रबंधांची विषयवार सूची, प्रकरणांच्या नावांसह, युनिकोडमध्ये तयार करावी. या कामाला निधी लागत नाही; एका अध्यापकाची एक उन्हाळी सुटी लागते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : जी साधने अद्याप निर्माणच झालेली नाहीत, त्यांचे काय? येथे इंग्रजी नाट्याच्या अभ्यासाकडे पाहणे उद्बोधक ठरते. तेथील मध्ययुगीन नाट्याच्या संहिता सटीप स्वरूपात आंतरजालावर उपलब्ध आहेतच. परंतु त्या अभ्यासाला खरे वळण दिले ते 'रेकॉर्ड्स ऑफ अर्ली इंग्लिश ड्रामा' या प्रकल्पाने. टोरोंटो येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात नाटके गोळा केलेली नाहीत. नोंदी गोळा केल्या आहेत. नगरपालिकांचे जमाखर्च, व्यवसायसंघांच्या वह्या, चर्चचे हिशेब, न्यायालयांतील तक्रारी यांत खेळ, खेळाडू, वाद्ये, पोशाख यांविषयी जे काही सापडले ते त्यांनी प्रांतवार छापले. पहिले खंड १९७९ मध्ये यॉर्कचे निघाले, आणि आता हे काम आंतरजालावरही चालते. संहितेवरून जे कधीच कळले नसते ते या नोंदींवरून कळले : खर्च कोणी केला, मिरवणुकीतील गाडी कोणाची, दंड कोणाला झाला, कोणत्या गावात वर्षातून किती वेळा खेळ होत असे.

मराठीत नेमकी हीच पद्धती लागू पडते, कारण येथे संहिता थोड्या आणि कागद अमाप आहेत. पुण्यातील पेशवे दफ्तर, तंजावरचे मोडी कागद, संस्थानांची आणि देवस्थानांची दप्तरे यांत देणग्या, बक्षिसे, उत्सवांचे खर्च आणि तंटे नोंदविलेले असतात. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतर प्रसिद्ध केले. परंतु त्यांची निवड राजकीय इतिहासाच्या दृष्टीने झाली होती. नाट्याच्या अभ्यासकाने तेच दफ्तर आपला प्रश्न घेऊन पुन्हा वाचले पाहिजे. निषेधसुद्धा येथे पुरावा ठरतो. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली जे फर्मान काढले त्यात लग्नप्रसंगीची ओव्यागाणी आणि इतर अनेक लोकाचार मना केले होते, अ. का. प्रियोळकर यांनी त्या काळाचा अभ्यास मांडला आहे. ज्यावर बंदी घातली जाते ते त्या वेळी प्रचारात असते, हे सांगावयास नको. बंदीचे कागद हे गायनाचे आणि खेळांचे अनिच्छेने लिहिलेले इतिहासच होत.

या कागदांच्या नुसत्या प्रतिमा आंतरजालावर चढविल्याने मात्र काम होणार नाही. मोडीतील मजकूर यंत्राला सहज वाचता येत नाही, आणि मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थीही तो बहुधा वाचू शकत नाही. मोडी वाचणारा एक विद्यार्थी प्रत्येक तुकडीतून तयार झाला, तर दहा वर्षांत जे साध्य होईल ते कोणत्याही यंत्रखरेदीने साध्य होणार नाही.

हे सारे पुण्या-मुंबईपुरते आहे असे मानण्याचे कारण नाही. आळेफाट्याचा परिसर या दृष्टीने पाहावा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते येथे एकमेकांना छेदतात. जवळच आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे परंपरा सांगते त्या रेड्याची समाधी आहे. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आणि दक्षिणेस, पुणे रस्त्यावरच, नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणून ते ओळखले जाते. यात्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा समितीचे लोक येतात, सुपारी ठरते, तारीख ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (मृत्यू २००२) यांचे गाव हेच. कीर्तन, भारूड, चमत्कारकथा आणि फड अशी मध्ययुगापासून आलेली आणि नंतर वाढलेली अनेक सूत्रे जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या एवढ्याशा प्रदेशात एकत्र नांदतात. ओतूर, जुन्नर, मंचर येथे महाविद्यालये आहेत. तरीही या भागातील विद्यार्थी लोकनाट्यावर लिहावयास बसतो तेव्हा तो भ्रमणध्वनीवर इतरांनी लिहिलेला परिच्छेद शोधतो. ज्या विषयाची साधने त्याच्या गावाच्या वेशीवर उभी आहेत त्याची माहिती तो दूरवरच्या यंत्राकडे मागतो, आणि यंत्राकडे ती नसते, कारण त्याच्या गावातून ती कोणी दिलेलीच नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो योग्यही आहे. आजचा तमाशा म्हणजे मध्ययुगीन नाट्य नव्हे. त्याचे ओळखीचे रूप उत्तर पेशवाईत, रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या काळात घडले. वग त्याला त्यानंतर जोडला गेला. आजच्या फडात चित्रपटगीतेही वाजतात. तेव्हा आज राहुटीत जे दिसते त्यावरून तेराव्या शतकाविषयी निष्कर्ष काढणे हे अशास्त्रीय ठरेल. जिवंत कलेला जीवाश्म समजण्याची ही चूक आंतरजालावरील लेखनात फार आढळते : 'हजारो वर्षांची परंपरा' हा शब्दप्रयोग तेथे कोणताही पुरावा न देता केला जातो. परंतु या आक्षेपाचे उत्तर नोंद न करणे हे नव्हे. अधिक काटेकोर नोंद करणे हे आहे. गण कोणता, गवळण कोणती, ती कोणाकडून शिकली, वगाची वही कोणी लिहिली, अमुक भाग केव्हापासून गळाला, हे फडातील जुन्या कलावंतांना विचारून लिहिले, तर जुने काय आणि नवे काय हे निदान दोन-तीन पिढ्यांपुरते वेगळे करता येते. त्यामागे जाण्यासाठी मग दफ्तरे आणि कोश आहेतच. प्रयोग, कागद आणि शब्द या तिन्हींची साक्ष एकत्र आली, तरच विधान करावे.

येथे घाई करण्याचे कारणही आहे. वगांच्या वह्या फडाच्या पेटाऱ्यात गावोगाव फिरतात, पावसात भिजतात, फड मोडला की वाटल्या जातात. कलावंत वृद्ध होतात. आज जे विचारता येते ते दहा वर्षांनी विचारता येणार नाही. दुसऱ्या बाजूस, प्रयोगांची चित्रफीत कोणीही उचलतो आणि आंतरजालावर टाकतो. अशा फितींची संख्या मोठी आहे. परंतु त्यांत फडाचे नाव अनेकदा नसते, गाणाऱ्या बाईचे नसते, ढोलकीवाल्याचे तर नसतेच. गाव आणि दिवसही नसतो. नाव नसलेल्या फितीचा अभ्यासाला उपयोग थोडा. आणि ज्या समाजांनी ही कला शतकानुशतके अवहेलना सोसून सांभाळली, त्यांच्यावर तो आणखी एक अन्याय आहे. त्यांच्या कलेतून दुसऱ्याने प्रेक्षक मिळवावेत आणि त्यांचे नावही येऊ नये, ही जुनीच रीत नव्या साधनाने चालू आहे. विद्यापीठीय अभ्यासकांनी तरी ती मोडली पाहिजे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी संमती, नोंदीत प्रत्येकाचे नाव, आणि तयार झालेल्या साहित्याची एक प्रत त्या कुटुंबाकडे, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही प्रकल्पाच्या आरंभी मान्य व्हाव्यात.

आणखी एक धडा अलीकडचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि तेथील हस्तलिखितांच्या प्रतिमा दीर्घकाळ कोणालाच पाहता आल्या नाहीत. जगातील एका अत्यंत संपन्न ग्रंथालयाची ही स्थिती झाली. मग एखाद्या विभागाने हौसेने काढलेल्या संकेतस्थळाचे आयुष्य किती असणार? वर्गणी भरली नाही की ते नाहीसे होते. म्हणून जे काही आंतरजालावर ठेवावयाचे त्याची एक छापील प्रत विभागाच्या ग्रंथालयात, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तिसरी दूरच्या एखाद्या संस्थेत असावी. कागदावर विश्वास आणि यंत्राचा उपयोग, हेच धोरण तूर्त शहाणपणाचे दिसते.

या सर्वांतून मराठी विभागांसाठी एक मर्यादित कार्यक्रम निघतो. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेऐवजी, किंवा तिचा भाग म्हणून, एका गावाच्या एका उत्सवाची संपूर्ण नाट्यनोंद मागावी. यात्रा समितीच्या जमाखर्चाच्या वह्या उपलब्ध असतील तेथवर मागे जाऊन त्यांतील खेळांचे खर्च उतरवून घ्यावेत. कोणता फड, किती बिदागी, कोणते वर्ष. भजनी मंडळ, भारूडकार, गोंधळी, बहुरूपी यांची नावे आणि त्यांचे पाठ नोंदवावेत. स्थानिक शब्द त्यांच्या स्थानिक अर्थासह लिहावेत आणि मग ते तीन कोशांत पाहावेत. प्रत्येक नोंदीला गाव, दिनांक, सांगणाऱ्याचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव असावे. एका महाविद्यालयातून वर्षाला अशा दहा नोंदी निघाल्या, तर जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे नाट्यचित्र काही वर्षांत उभे राहील, आणि मराठी नाट्याच्या इतिहासात त्याला तोड नसेल. यॉर्कचे दोन खंड याच रीतीने, एकेक ओळ उतरवून तयार झाले.

या कामाला प्रतिष्ठा नाही, हे खरे आहे. पदोन्नतीसाठीच्या गुणांत यात्रेच्या हिशेबवहीची नक्कल मोजली जात नाही. परिसंवादात वाचलेला, इतरांच्या विधानांवर बेतलेला निबंध मोजला जातो. ही मूल्यव्यवस्था बदलल्याशिवाय चांगली साधने निर्माण होणार नाहीत, आणि ती बदलण्याचे काम अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या अध्यापकांचेच आहे.

मध्ययुगीन मराठी नाट्याविषयी आंतरजालावर चांगले साहित्य का मिळत नाही, असा प्रश्न चर्चासत्रांतून विचारला जातो तेव्हा त्यात एक गृहीत असते : ते साहित्य कोणीतरी, कोठेतरी तयार करील आणि मराठीच्या अभ्यासकांनी ते वापरावे. मोल्सवर्थचा कोश शिकागोत शोधता येतो आणि इंग्लंडमधील जमाखर्च टोरोंटोत छापले जातात, यामुळे हे गृहीत बळकट होते. परंतु आळ्याच्या यात्रेतील भारूड आणि नारायणगावच्या राहुटीतील वही टोरोंटोहून नोंदविली जाणार नाही. ती या भागातील महाविद्यालयांनी नोंदविली तर उद्याच्या विद्यार्थ्याला सापडेल. अन्यथा त्यालाही १८४३ पासून आरंभ करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.